तिकडे कोणी दुसऱ्यांदा विचारत नाही

या वेळी मेलबॉक्स उघडला तर चार पत्रं एकाच विषयावरची, एक्स्चेंज आणि होस्ट फॅमिली, म्हणजे शिकायला परदेशी जायचं आणि तिथल्या एखाद्या कुटुंबात राहायचं. मी स्वतः १९९६-९७ मध्ये जर्मनीतल्या एका छोट्या गावात वर्षभर अशीच राहिले आणि नंतर आमच्या दादरच्या घरात तिकडची दोन मुलं येऊन राहून गेली, त्यामुळे हा विषय निघाला की माझं तोंड लवकर बंद होत नाही. पहिलं उत्तर लांबलंय, बाकीच्यांनी सांभाळून घ्या.

प्रश्न : ताई, मी १६ वर्षांची, मुलुंडची. ऑगस्टमध्ये एका वर्षासाठी जर्मनीत आलेय, होस्ट आई-बाबा आणि १३ वर्षांचा भाऊ आहे, वाईट नाहीयेत कोणी पण मला वाटतं त्यांना मी नकोच आहे. रात्री नुसता ब्रेड आणि चीज, गरम काहीच नाही, आणि विचारतात तेव्हा मी थँक्यू म्हणते तर बाऊल उचलून पुढे नेतात, परत विचारत पण नाहीत. एकदा आईला फोनवर विचारून पोहे केले तर होस्ट आईने एवढ्या थंडीत घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या, मला इतकं रडू आलं. मी रूममध्ये तीन तीन तास बसले तरी कोणी बघायला येत नाही. दिवाळीला कोणी हॅपी दिवाळी पण नाही म्हटलं. आई म्हणते फॅमिली बदलून घे. घेऊ का?

उत्तर : अगं, आधी मला एक सांग, दिवाळी आहे हे तू त्यांना सांगितलं होतंस का? नसणार. मीही नव्हतं सांगितलं. मी खोलीत बसून घरून आलेलं पत्र चौथ्यांदा वाचत होते आणि खाली ती माणसं टीव्ही बघत होती आणि मला राग कशाचा, तर यांना कळत कसं नाही! आता तूच बघ, कॅलेंडरमध्ये छापलेलं नाही, दारात कंदील नाही, फटाक्याचा आवाज नाही, कळणार कुठून त्यांना.

आता ते थँक्यू. तू इंग्रजीत म्हणतेस की जर्मनमध्ये डांके म्हणतेस ते लिहिलं नाहीस, पण डांके म्हणत असशील तर अर्धा प्रॉब्लेम तिथेच सापडला. जर्मन माणसाने काही वाढू का विचारलं आणि तू नुसतं डांके म्हणालीस तर तो त्याचा अर्थ ‘नको, थँक्यू’ असा घेतो, हवं असेल तर बिट्टे म्हणायचं. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. काळ्या घोड्याच्या मॅक्सम्युलर भवनात जर्मनचा कोर्स करून गेले होते, डेर डी डास ही नामांची लिंगं तोंडपाठ, आणि पहिल्या आठवड्यात रोज बटाट्याच्या बाऊलकडे बघत गोड हसून डांके म्हणायचे आणि बाऊल पुढे जायचा! रात्री बॅगेतले शंकरपाळे खायचे, ते अकरा दिवस पुरले. बाराव्या दिवशी होस्ट आईने विचारलं, तुला आमचं जेवण आवडत नाही का, तेव्हा मी भोकाड पसरलं आणि मग कुठे उलगडा झाला.

आणि भाषेचं सोड, आपलं वळणच वेगळं. आपल्याकडे पहिलं नको हे सभ्यता म्हणून असतं, दुसरं नको संकोच म्हणून, आणि तिसऱ्यांदा नको म्हणेपर्यंत लाडू ताटात पडलेला असतो. वाढणाऱ्यालाही माहीत असतं, खाणाऱ्यालाही. तिकडे तुझ्या पहिल्या नकोवर ते विश्वास ठेवतात. आग्रह करणं म्हणजे समोरच्याचं म्हणणं न ऐकणं असं त्यांना वाटतं. म्हणजे बघ, तुला वाटतंय यांना माझी पर्वा नाही आणि त्यांना वाटतंय आपण हिच्या शब्दाचा मान ठेवतोय. तेव्हा भूक असेल तर पहिल्याच फटक्यात हो म्हण. लाज वाटेल, आठ दिवसांत जाते.

ब्रेडबद्दल. त्याला आबेंडब्रोट म्हणतात, शब्दाचाच अर्थ संध्याकाळचा ब्रेड. गरम जेवण दुपारी आणि रात्री ब्रेड, चीज, लोणच्यातली काकडी, असं तिकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, तुझ्यासाठी म्हणून कमी केलेलं नाही काही. पण नोव्हेंबरात साडेचार-पाचला काळोख होतो आणि वर गार ब्रेड, पोट मानत नाही हे मला मान्य आहे. सरळ विचार, आठवड्यातून एक-दोनदा रात्रीचं मी काही गरम केलं तर चालेल का? मसूर तिकडे कुठल्याही सुपरमार्केटात मिळतात, लिन्झेन म्हणतात, त्यांच्याकडे त्याचं सूप करतातच. तू त्यांचं वरण कर. मोहरी-हिंग घरून आणलं असशील तर उत्तम, नसेल तर जिरं आणि लसणावर भागव.

खिडक्या. हे वाचून मला हसू आलं, सॉरी, पण तू उद्या सकाळी लवकर उठ आणि बघ, पोहे नसतील तरी ती बाई खिडक्या उघडेल. बाहेर बर्फ असला तरी उघडेल. त्याला ते लुफ्टन म्हणतात, घराला हवा देणं. ती घरं थंडीसाठी इतकी घट्ट बंद केलेली असतात, दुहेरी काचा, फट म्हणून नाही, की स्वयंपाकाची, आंघोळीची, आपल्या श्वासाची सगळी वाफ आतच राहते, थंड भिंतीवर तिचं पाणी होतं आणि मग कोपऱ्यात बुरशी धरते. म्हणून दिवसातून दोन-तीनदा हीटर बंद करून सगळ्या खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडायच्या आणि परत लावायच्या, असा रिवाज. भाड्याच्या घरात बुरशी आली तर घरमालक आणि भाडेकरू यांची भांडणं होतात यावरून, की तुम्ही लुफ्टन केलं नाही म्हणून! आपल्या मुंबईच्या घरात खिडकी बंद कधी असते, पाऊस तिरका आला तरच, त्यामुळे मुद्दाम उघडलेली खिडकी आपल्याला लागते मनाला.

पण खरं सांगू का, थोडं पोह्यांसाठीही उघडली असेल. फोडणीचा वास त्या बंद घरात पॅसेजमध्ये टांगलेल्या कोटांना दोन दिवस येतो आणि तेच कोट घालून ते ऑफिसला जातात. त्यात अपमान काही नाही. पुढच्या वेळी किचनचं दार लावून घे, खिडकी तूच आधी उघड. आणि पोहे त्यांना वाढले होतेस का? तू एकटीच खोलीत नेऊन खाल्ले असशील तर मात्र चूक तुझी.

आता खोली. मुलुंडला तुमचं घर केवढं आहे मला माहीत नाही पण माझं बालपण गेलं ते दोन खोल्यांत सहा माणसं, एकटं बसायला जागा म्हणजे एकच आणि तिकडेही बाहेरून कोणीतरी दार वाजवायचं. जर्मनीत मला माळ्यावरची अख्खी खोली दिली तेव्हा पहिल्या रात्री झोपच लागली नाही, इतकी शांतता, आजीचं घोरणं नाही, शेवटच्या लोकलचा आवाज नाही. तिकडे लावलेलं दार म्हणजे ‘मला एकटं राहायचंय’ असा निरोप असतो आणि तो ते पाळतात. तुझ्या दाराबाहेर कोणी येऊन ‘काय गं, बरं नाही का’ विचारणार नाही, कारण ते त्यांच्यात आगाऊपणा. म्हणून दार उघडं ठेव, त्याहून चांगलं म्हणजे होमवर्क घेऊन किचनच्या टेबलावर जाऊन बस. बोलायला सुचलं नाही तरी बस.

काहीतरी काम अंगावर घे, आणि विचारून घे. त्या धाकट्या भावाबरोबर बाटल्या परत करायला जा. प्लॅस्टिकच्या बहुतेक बाटल्या नि कॅनवर २५ सेंट डिपॉझिट असतं, सुपरमार्केटातल्या मशीनमध्ये एकेक टाकायची, शेवटी पावती येते, तेवढे पैसे बिलातून वजा. १३ वर्षांच्या पोराशी मैत्री करायला याहून सोपी जागा नाही, माझ्या वेळी मशीन नव्हतं तर आम्ही क्रेट उचलून न्यायचो. कचरा कुठल्या डब्यात काय, हेही त्यालाच विचार, पोरांना शिकवायला आवडतं. जर्मन तोडकंमोडकं असू दे, निदान जेवणाच्या टेबलावर माझ्याशी जर्मनच बोला असं सांगून टाक, नाहीतर तुझी सोय म्हणून ते इंग्रजी बोलत राहतील आणि आपापसात जर्मन, मग तू कायम पाहुणीच.

आणि फोन. आईवर माझा राग नाही पण हिशेब बघ. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं मागे जातात, म्हणजे आता फरक साडेचार तासांचा. आई आवरून निवांत होते साडेदहाला, तेव्हा तिकडे सहा, म्हणजे बरोबर सगळे खाली जमायची वेळ, आणि तू वर फोनवर. शाळेतून आल्यावर कर, तिकडचे तीन म्हणजे इकडचे साडेसात, आणि रोज नको, दोन-तीन दिवसांनी. आमच्या वेळी महिन्यातून एक फोन, तोही नजर घड्याळाकडे ठेवून, आणि पत्र पोचेपर्यंत मी कशासाठी रडले होते ते मलाच आठवत नसायचं. तेव्हा ते वाईट वाटायचं. आता वाटतं, बरं होतं, आईने माझ्या प्रत्येक रडण्यावर तोडगा काढला नाही.

फॅमिली बदलायचं म्हणतेस. तू लिहिलंयस त्यात मला तरी बदलण्यासारखं काही दिसत नाही, न बोलल्यामुळे साठलेलं दिसतं. रविवारी निवांत असतील, दुकानं बंद असतात तेव्हा सगळे घरीच, कॉफीच्या वेळी सांग की मला घरची आठवण येते, आमच्याकडे नको म्हटलं तरी परत विचारतात, मला तुमच्या पद्धती कळत नाहीत, मी चुकले तर सांगा. एवढंच. हवं तर लिहून काढ आणि वाचून दाखव, मी तसंच केलं होतं. आणि दिवाळी आत्ता कर की, पणती नसेल तर टी-लाइट म्हणतात ते मेणाचे छोटे दिवे मिळतात, बटाट्याची भाजी आणि पुऱ्या. त्यांच्याकडे आता त्यांचेही सण येतील. ५ डिसेंबरच्या रात्री मुलं बूट घासूनपुसून दाराशी ठेवतात आणि ६ तारखेला निकोलाउस त्यात खाऊ ठेवून जातो. तूही ठेव तुझे बूट. मोठी झालेय म्हणून लाजू नकोस.

पण काही गोष्टींत हे सगळं समजावणं लागू नाही, ते नीट वाच. घरातलं किंवा येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी कोणी नकोसा स्पर्श करत असेल, तसं बोलत असेल, तुझा पासपोर्ट किंवा पैसे काढून घेतले असतील, मागूनही जेवायला मिळत नसेल, फोन करू देत नसतील, तर होस्ट फॅमिलीशी चर्चा वगैरे करत बसू नकोस. प्रोग्रामने तुला एक स्थानिक माणूस नेमून दिलेला असतो, होस्ट घराच्या बाहेरचा, कोणी त्याला काउन्सेलर म्हणतात कोणी काँटॅक्ट पर्सन, त्याला त्याच दिवशी सांग आणि आईला सांग. रोटरी क्लबच्या एक्स्चेंजमध्ये तर वर्षभरात एकाहून जास्त घरांत राहायची पद्धतच आहे, त्यामुळे घर बदलणं म्हणजे नापास होणं असं नसतं. मुलांसाठीची जर्मनीतली फुकट हेल्पलाइन ११६ १११, आणि जिवावरचं असेल तर ११२. हे दोन्ही फोनमध्ये आत्ताच सेव्ह कर, गरज नसली तरी.

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही गिरगावात राहतो. मुलगा अमेरिकेत शाळेच्या एक्स्चेंजवर आहे. आम्ही एवढे पैसे भरले आणि तिकडे त्याला भांडी मशीनमध्ये लावायला, कचरा बाहेर ठेवायला, कुत्रा फिरवायला लावतात. घरी त्याने कधी पाण्याचा ग्लास उचललेला नाही. रविवारी चर्चलाही नेतात. आम्ही तक्रार करावी का?

उत्तर : ताई, तुमचा मुलगा पाण्याचा ग्लास उचलत नाही हे तुम्ही जरा अभिमानानेच लिहिलंय असं मला वाटलं, चूकभूल माफ करा.

पैशांचं आधी. तुम्ही भरलेत ते प्रोग्राम, विमान, इन्शुरन्स, व्हिसा यात गेले. तिकडच्या जे-वन नावाच्या एक्स्चेंज व्हिसावरच्या शालेय प्रोग्राममध्ये होस्ट घराला पैसे मिळत नाहीत, ती माणसं हौसेने मूल घरात घेतात. टॅक्समध्ये महिन्याला फार तर ५० डॉलरची वजावट मिळते, तेवढ्यात तुमचा मुलगा आठवडाभर दूधसुद्धा पीत असेल की नाही शंका आहे. तेव्हा तो तिकडे पेइंग गेस्ट नाही, घरातला मुलगा आहे आणि घरातला मुलगा म्हणून भांडी लावतोय. बघायचं एवढंच की त्यांची स्वतःची मुलंही तेवढंच काम करतात का. करत असतील तर गप्प बसा. रोज संध्याकाळी तुमच्या मुलाने त्यांची लहान मुलं सांभाळायची आणि त्यांनी बाहेर जायचं असं असेल तर मात्र बोलायला हवं, पण होस्ट बाईशी नाही, मुलाने आधी त्याच्या स्थानिक को-ऑर्डिनेटरशी बोलायचं. तो माणूस मुलापासून १२० मैलांच्या आत, म्हणजे साधारण १९० किलोमीटरच्या आत असावा लागतो आणि त्याने महिन्यातून निदान एकदा मुलाशी संपर्क ठेवायचा असतो, असा तिकडचा नियमच आहे. घरातल्या १८ वर्षांवरच्या प्रत्येकाची गुन्ह्यांची नोंद आधी तपासतात, हे तुमच्या जिवाला शांतता म्हणून सांगते.

चर्चला ते बहुतेक त्याला एकटं घरी ठेवायला नको म्हणून नेत असतील. त्याला आवडत असेल तर जाऊ द्या, तिकडे त्याच्या वयाची मुलं भेटतात. नको असेल तर त्याने स्वतः सांगावं, त्यांना राग येणार नाही. तुम्ही गिरगावातून फोन करून सांगितलंत तर येईल.

प्रश्न : मी ठाण्याचा, जानेवारीत सहा महिन्यांसाठी जर्मनीला चाललोय. होस्ट फॅमिलीसाठी काय नेऊ? आई पेढे आणि तूप भरतेय.

उत्तर : आईला थांबव! युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत, कस्टम्सवाले कचऱ्यात टाकतील, पेढे गेले आणि तूपही गेलं. ताजा कढीपत्ताही नको, ताज्या पानांना, फळांना झाडपाल्याची रोगराई नाही असं सर्टिफिकेट लागतं. गंमत म्हणजे नारळाला सूट आहे, पण नारळ घेऊन उतरू नकोस, काय करायचं त्यांना कळणार नाही. गोडा मसाला, चहा, बाकरवडी, एखादी साधी सुती चादर किंवा टेबलावर घालायचं काही, पुष्कळ झालं. महागातलं नको, अवघडतात.

आणि तू विचारलेलं नाहीस तरी, बाथरूम. तिकडच्या बाथरूमच्या जमिनीला बहुतेक ठिकाणी पाणी जायला मोरी नसते. टबच्या किंवा शॉवरच्या बाहेर एक थेंब पडता कामा नये. मी पहिल्या दिवशी बादली मागितली, त्यांनी बिचाऱ्यांनी फरशी पुसायची दिली, मी टबच्या बाहेर बसून तांब्याने मनसोक्त आंघोळ केली आणि खाली किचनच्या छतातून पाणी गळायला लागलं. होस्ट बाबा मोठ्याने काही बोलले नाहीत. छत मात्र वर्षभर पिवळं होतं, मी रोज त्याच्याखाली बसून जेवायचे.

प्रश्न : मी पार्ल्याची, वय ७४. आमच्याकडे नातीच्या वयाची इटलीची मुलगी सहा महिन्यांसाठी आली आहे. गोड आहे पोर, मी वाढते ते सगळं खाते, कधी नाही म्हणत नाही. पण परवा पुरणपोळीच्या दिवशी तिला उलट्या झाल्या. डॉक्टर म्हणाले अपचन. सूनबाई म्हणते तुम्ही आग्रह करता. मी काय वाईट करते का?

उत्तर : आजी, वाईट नाही हो, पण किती पोळ्या वाढल्यात ते तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत.

वर मुलुंडच्या मुलीचं पत्र वाचा, तुमच्याकडे त्याची दुसरी बाजू आहे. ती पोर पहिल्यांदा नको म्हणाली असणार, तुम्ही वाढलंत, मग तिला वाटलं या घरात नको चालत नाही, खाल्लंच पाहिजे, नाहीतर आजीला वाईट वाटेल. मग वाढलेलं टाकायचं कसं म्हणून ती संपवते, आणि ताट रिकामं दिसलं की तुम्ही परत वाढता! आमच्याकडे आलेल्या मुलाचं पहिल्या महिन्यात हेच झालं होतं, माझ्या सासूबाई होत्या तेव्हा. शेवटी मी त्याला ‘पुरे’ हा शब्द शिकवला आणि ताटावर आडवा हात धरायला शिकवला, आणि सासूबाईंकडून कबूल करून घेतलं की हात आडवा आला की पळी मागे. त्यांना फार जड गेलं. तुम्हीही करून बघा, नाहीच राहवलं तर तिला तिचं तिलाच वाढून घेऊ द्या आणि तुम्ही त्या वेळी दुसरीकडे बघा.

आणि एक महत्त्वाचं, मुलाला विचारा, परदेशी पाहुणीची माहिती सरकारला कळवायचा फॉर्म भरला का, आधी त्याला फॉर्म सी म्हणायचे. परदेशी माणूस घरी राहायला आला की २४ तासांत तो ऑनलाइन भरायचा असतो, आणि तिचा व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्तीचा असेल तर आल्यापासून १४ दिवसांत तिची नोंदणीही करावी लागते, त्यातून तिला सूट नाही ना हे व्हिसावर काय लिहिलंय ते वाचून बघायला सांगा. पुरणपोळीच्या गडबडीत राहून गेलं असेल तर आजच बघा.